स चा फ

दुपारी एक वाजला की ताई दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायची, आणि नवरा इस्त्रीचा प्लग काढता काढता म्हणायचा, "चला, शाळा भरली."

शटर अर्धंच ओढायचं, पूर्ण नाही. पूर्ण ओढलं की गिऱ्हाईक समजतं दुकान बंद, आणि सरळ कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे जातं. अर्धं असलं की समजतं, माणसं जेवतायत, येतील परत. मग कापायच्या टेबलावरचे कपडे एका अंगाला सरकवायचे, रिळांच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा, कानात इअरफोन खुपसायचे आणि पडद्यावर मॅडम उगवायची वाट बघायची. जेवण? ते चालू वर्गातच, कॅमेरा बंद ठेवून. एकदा कॅमेरा बंद करायला विसरली आणि तिने कोंबलेला भला मोठा घास सदतीस विद्यार्थ्यांनी पाहिला. त्यातले छत्तीस तिच्या निम्म्या वयाचेही नव्हते. नवरा चार दिवस हसत होता.

तर हो, ताई कॉलेजात होती. एक्कावन्नाव्या वर्षी, ऑनलाइन, दुसऱ्या वर्षाला. याआधी ती दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तेव्हाच तिची आई गेली. वडील आधीच गेले होते. मागे उरलं आईचं शिवणाचं मशीन आणि आठ वर्षांचा धाकटा भाऊ, बारक्या. नाव चांगलं ठेवलेलं होतं हो, पण ते शाळेच्या दाखल्यावर. घरात तो बारक्याच. ताईने पुस्तकं कपाटावर टाकली आणि मशीनवर बसली. कुणी तिला बस म्हणालं नाही, आणि नको बसूस असंही कुणी म्हणालं नाही. नातेवाईक दहा दिवस येऊन हळहळले, अकराव्या दिवशी आपापल्या घरी गेले. बारक्याची शाळा, बारक्याचा ताप, बारक्याचं कॉलेज, सगळं त्या मशीनच्या चाकावर फिरलं. लग्नही तिने उशिरा केलं, आणि तेही अट घालून: भाऊ माझ्यापाशी राहणार. नवरा इस्त्रीचं काम करणारा, स्वभावाने सपाट. म्हणाला, "राहू दे की. तुझ्यापेक्षा तोच कमी भांडतो."

आणि मग तो बारक्या मोठी डिग्री घ्यायला अमेरिकेला गेला. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं म्हणजे एक तप.

सुरुवातीला रोज फोन. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. आता फक्त रविवारी सकाळी, आणि मोजून तीन मिनिटं. "कशी आहेस? भाऊजी बरे आहेत ना? तब्येत सांभाळ. ठेवतो, कामात आहे." काम म्हणजे कॉलेजात शिकवायचं, असं त्यानेच सांगितलं होतं. ताईने ते सगळ्या गावाला सांगितलं. माप घेताना ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "माझा भाऊ तिकडे प्रोफेसर आहे, हात वर करा." गिऱ्हाईक बिचारं हात वर करून ऐकायचं. जाणार कुठे?

पण तो आला नाही. एकदाही नाही. "यंदा नाही जमत गं ताई, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष बारा वेळा आलं आणि तसंच निघून गेलं. ताई कुणापाशी बोलायची नाही, पण नवऱ्याला दिसायचं. बारक्याच्या अंगलटीचं कुणी शर्ट शिवायला आलं, तसेच उतरते खांदे, तशीच लांब मान, की ती माप सावकाश घ्यायची. टेप खांद्यावर ठेवून उगीच जराशी थांबायची. आकडा एकदा बघून वहीत लिहायची, तरी पुन्हा टेप लावायची. तिला भावाची आठवण यायची, आणि ती अशी हाताला यायची. तिला त्याच्याशी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं होतं. एवढंच हवं होतं हो तिला. काही जगावेगळं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी एका रविवारी तिने हौसेने विचारलं होतं, "अरे, तू शिकवतोस म्हणजे नेमकं काय शिकवतोस? सांग ना, मीसुद्धा दोन वर्षं कॉलेजात होते." तर तिकडून जरा गप्प होऊन तो म्हणाला, "जाऊ दे ताई. तुला नाही कळायचं."

काही काही वाक्यं सुईसारखी असतात. बोटात शिरली की शोधून सापडत नाहीत आणि काम करताना बरोबर बोचतात. तुला नाही कळायचं. म्हणजे आपण शिंपीण, आपलं शिक्षण अर्धवट, भावाला आपल्याशी बोलायला काही उरलेलंच नाही. लाज वाटत असेल त्याला आपली. म्हणून येत नसेल. हे ताईने स्वतःच ठरवलं, स्वतःच पक्कं केलं, आणि पाच वर्षं मनात घोळवून शेवटी एक दिवस फोनवरून कॉलेजचा अर्ज भरून टाकला. नवऱ्याला सुद्धा भरल्यावर सांगितलं. बारक्याला तर सांगायचंच नाही. डिग्री हातात आली की एका रविवारी सहज बोलता बोलता सांगायचं, असा तिचा बेत.

दुसऱ्या वर्षाला इंग्रजी साहित्यात चार विषयांतून एक निवडायचा होता. ताईने डोळे झाकून 'अमेरिकेचं सुरुवातीचं साहित्य' निवडलं. बारक्याचा देश! त्याच्या देशातलं काही कळलं तर तीन मिनिटांची निदान पाच तरी होतील. आता त्यातला 'सुरुवातीचं' हा शब्द तिने वाचला नव्हता असं नाही, पण गांभीर्याने घेतला नव्हता. पुस्तक उघडलं तर सगळी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची माणसं. गलबतातून आलेली, थंडीने काकडणारी, घटकेघटकेला देवाला हाक मारणारी. प्रवचनं, रोजनिशा, पत्रं.

"तुझ्या भावाच्या गल्लीचा काही पत्ता लागतोय का यात?" नवऱ्याने विचारलं.

"गप्प बसा. तुमचं काय जातं?"

आणि पहिल्याच वर्गाला ताई गैरहजर. शाळा उघडायचे दिवस, गणवेशांचा ढीग छताला लागलेला, हाफपँटी शिवून शिवून तिला स्वप्नातही खिसे दिसत होते. रेकॉर्डिंग बघीन म्हणाली, ते राहिलं ते राहिलंच. त्या वर्गात मॅडमनी एक साधी गोष्ट सांगितली होती. पुढचं सगळं रामायण तेवढ्यावरून झालं.

जुनी पुस्तकं होती तशीच्या तशी, त्या काळच्या छपाईतलीच वाचायची होती. मूळ पानांचे फोटो. कागद पिवळा, अक्षर दाट, आणि जिथे तिथे 'एफ'. एस दिसला तर शब्दाच्या शेवटी, एरवी कुठे दिसेचना. 'सिस्टर'च्या जागी 'फिफ्टर', 'सोल'च्या जागी 'फाउल', 'शिप'च्या जागी 'फिप'. ताई पहिली दोन पानं वाचून हैराण झाली.

"अहो, ही माणसं बोबडी होती की काय? सगळीकडे स चा फ!"

नवरा शर्टाच्या कॉलरवर पाणी मारत म्हणाला, "दात पडले असतील थंडीने. तोंडाचं बोळकं झालं की स चा फ होतोच. माझी आजी मला 'फोन्या' म्हणायची, 'सोन्या' म्हणायच्या ऐवजी."

आता हसण्यावारी नेलं खरं, पण ताईला ते पटलं. त्या काळात एफचा शौक असेल बाई लोकांना, असं म्हणून तिने अंदाजाने गाडी पुढे रेटली. फिप म्हणजे शिप, फी म्हणजे सी. जिथे शब्द वेडावाकडा दिसेल तिथे ती एस घालून बघायची. जिथे शब्द धड दिसेल तिथे धडच वाचायची. आणि तिथेच ती फसली.

सत्राच्या निबंधासाठी तिला त्याच जुन्या छपाईतली नऊ पत्रं आली होती. कुणा एका साध्या माणसाची, समुद्रापलीकडच्या नव्या वसाहतीतून आपल्या थोरल्या बहिणीला लिहिलेली. लिहिणाऱ्याचं नावही नीटसं ठाऊक नव्हतं. पण पहिल्या ओळीला 'माझ्या ताई' असं वाचलं मात्र, आणि आमची ताई जी खुर्चीला चिकटली! रोज दुपारी ती एक पत्र वाचायची आणि जेवता जेवता नवऱ्याला त्याचं मराठी करून सांगायची. पहिल्या पत्रात नुसता उत्साह: केवढी झाडं, केवढी नदी, घर बांधतोय, दोन वर्षांत येऊन तुला घेऊन जातो. तिसऱ्यात, पेरलं ते उगवलं नाही. पाचव्यात, यंदा येणं जमत नाही, पुढच्या वर्षी बघू.

"हे वाक्य कुठेतरी ऐकलंय," नवरा म्हणाला. ताईने पुढचं पान सरकवलं.

सातव्यात त्याने विचारलं होतं, आपला कुत्रा अजून आहे का गं? आठवं नुसतं चार ओळींचं. आणि नववं, शेवटचं. ताईने ते बोट ठेवून वाचलं. वसंतात मी फेल, ताई, देवाची मर्जी असेल तर. मला क्षमा कर, इतकी वर्षं तुला वाट बघायला लावली.

फेल! हा शब्द काही वेडावाकडा नव्हता. चांगला ओळखीचा, रोजच्या वापरातला शब्द. त्यात एस घालून बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

"फेल? कशात फेल?" नवऱ्याने विचारलं.

"कशात म्हणजे? सगळ्यातच. शेत पिकलं नाही, घर उभं राहिलं नाही, जमलंच नाही हो त्याला तिकडे."

"मग घरी यायचं की गपचूप."

"कसा येईल? बहिणीला एवढं सगळं सांगून गेलेला. कुठल्या तोंडाने येईल तो?"

आणि हे बोलून ताई थांबली. हातातला घास हातातच राहिला. तिला वाटलं हे आपण कुणाबद्दल बोललो? 'तुला नाही कळायचं' म्हणताना बारक्या आधी कसा गप्प झाला होता, ते तिला आठवलं. सात वर्षं ती फक्त वाक्य आठवत होती, ती आधीची गप्प जागा तिने कधी ऐकलीच नव्हती. त्याला आपली लाज वाटते, आपली, आपली! आणि त्याला स्वतःचीच वाटत असेल तर? एवढ्या वर्षांत एक फोटो नाही त्याने पाठवला कॉलेजातला. एका विद्यार्थ्याचं नाव नाही निघालं तोंडून.

"देवा," ती म्हणाली, "मी किती मूर्ख बाई आहे."

त्या दिवशी शटर तीन वाजले तरी अर्धंच राहिलं. निबंध तिने एका दमात लिहिला, इंग्रजीची हाडं मोडत, पण मनापासून: परक्या देशात हरलेला माणूस घरी येत नाही, कारण घरात त्याची वाट बघणारं माणूस जिंकलेल्या माणसाची वाट बघत असतं. निबंध पाठवला. आणि मग तशाच भरात, कुणाला न विचारता, बारक्याला मेसेज लिहिला.

"बारक्या, एक विचारते, रागावू नकोस. तू तिकडे फेल झालास का रे? झाला असशील तरी चालेल. शिकवत नसशील तरी चालेल. मी लोकांना काय काय सांगून ठेवलंय ते माझं मी निस्तरीन. तू तिसरीत गणितात नापास झाला होतास आणि प्रगतिपुस्तक पिंपामागे लपवलं होतंस, तेव्हा मी तुला मारलं होतं. मी स्वतः एकोणीस वर्षांची, मला तरी कुठे अक्कल होती. ते मारायला नको होतं. मी पण हल्ली कॉलेजात जाते. तुझ्यासाठीच जाते. तुझ्याशी बोलता यावं म्हणून. तुझी ताई."

"पाठवलंस?" नवऱ्याने वाचून विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"पाठवलं."

"अगं, पण तो खरंच प्रोफेसर असला तर?"

 ताईने घाईघाईने फोन उघडला, पण मेसेजखाली दोन निळ्या खुणा कधीच उमटल्या होत्या. बारक्याने वाचलं होतं.

उत्तर आलं नाही. रविवार आला, सकाळपासून ताई फोन समोर ठेवून बसली, आंघोळीला गेली तर नवऱ्याला पहाऱ्याला बसवून गेली. फोन वाजला नाही. दुसरा रविवार आला, तोही तसाच गेला. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तीन मिनिटं का होईना, हक्काची होती, आणि आता तीही नाहीत. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. रागाने तिने एका कोटाचं अस्तर उलटं शिवलं आणि मग सगळं उसवत बसली.

अशात निबंध तपासून परत आला. वीसपैकी सात. खाली मॅडमचा शेरा, इंग्रजीत: निबंध हृदयाला भिडतो, पण शेवटचं पत्र आपण चुकीचं वाचलं आहे, वर्गात बोलू.

दुपारी वर्ग भरला. मॅडम म्हणजे तिशीची पोरगी, गोड, ताईला 'ताई'च म्हणायची. तिने पडद्यावर त्या पत्राचं एक अक्षर एवढं मोठं करून दाखवलं. "हे बघा. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी, तरी बरेच जण गडबडलेत. हा एफ नाही. हा लांब एस आहे, जुन्या छपाईतला. एफचा आडवा दांडा उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना असतो. याचा नुसता डावीकडे आहे, एवढासा टोकापुरता."

ताईने मोबाइल नाकाला लावला. खरंच की. उजवीकडे काही नव्हतंच. जी बाई अख्ख्या पँटीत एक सुटलेला टाका लांबून ओळखते, तिला हा अर्धा दांडा दिसला नव्हता.

"म्हणजे इथे फेल नाही," मॅडम म्हणाली, "सेल. वसंतात मी गलबतात बसतो, ताई. तो परत यायला निघाला होता."

मराठी माणसाला एका अक्षराने काय होतं ते शिकवायला नको. ध चा मा झालेला आपण सगळ्यांनी ऐकलाय, त्यात माणूस जिवाला मुकला होता. पण तो दुसऱ्या कुणी केलेला. इथे ताईने आपल्या हाताने आपल्या सख्ख्या भावाच्या नावावर स चा फ केला होता, आणि वर तो त्याला लिहून पाठवला होता. तिचे कान तापले. तरी तिने माइक चालू केला. "मॅडम, मग तो पोचला का?"

मॅडम इंग्रजी सोडून सरळ मराठीत म्हणाली, "माहीत नाही हो, ताई. त्यानंतर पत्र नाही. त्या वर्षी त्या बंदरातून सुटलेली दोन गलबतं पोचलीच नाहीत. तो त्यात होता की नाही, कुठेही नोंद नाही. बहिणीने पत्रं मात्र जपून ठेवली, म्हणून तर आपल्यापर्यंत आली."

 मॅडमने ताईला निबंध दुरुस्त करून द्यायला आठ दिवस दिले.

वर्ग संपल्यावर ताई कापायच्या टेबलावर डोकं टेकून रडली. त्या बहिणीसाठी रडली, जिने बंदरावर जाऊन जाऊन बघितलं असेल, आणि स्वतःसाठी रडली. नवऱ्याने आधी शटर पूर्ण खाली ओढलं, मग पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि शेजारी उभा राहिला.  शेवटी म्हणाला, "सांग ना त्याला. चूक झाली म्हणावं. एवढं काय त्यात? आपलंच पोर आहे."

म्हणून तिने दुसरा मेसेज लिहिला. "बारक्या, माझी चूक झाली. मी एका जुन्या पत्रात फेल वाचलं, ते सेल होतं. जुन्या छपाईत स हा फ सारखा दिसतो, मला माहीत नव्हतं, माझा पहिला वर्ग बुडला. त्यावरून मी तुझ्याबद्दल काहीबाही लिहून बसले. तू हुशार आहेस, मला ठाऊक आहे. ते सगळं विसर. रविवारी फोन कर, तीन मिनिटं केलास तरी चालेल. मी काही विचारणार नाही." मग जरा थांबून तिने आणखी एक ओळ लिहिली: "कधीच काही विचारणार नाही." आणि ती लिहिताना तिच्या मनात आलं, तो खरंच फेल असता तर बरं झालं असतं; हे तिने मेली असती तरी कुणाला सांगितलं नसतं.

दोन निळ्या खुणा आल्या. तो दिवस गेला, दुसराही गेला.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, ताई एका जाकिटाची चेन बदलत होती. दात गेलेली चेन काढून झाली होती, नवी टाचून झाली होती, मशीनचा कापड दाबणारा पाय खाली टेकवला आणि फोन वाजला. रविवार नव्हता. तिकडे किती वाजले असतील कोण जाणे. पडद्यावर नाव बघून ती फोनऐवजी कात्रीच हातात धरून बसली, तेव्हा नवऱ्याने पुढे होऊन फोन उचलून तिच्या कानाला लावला.

"ताई."

"बारक्या! अरे, ते चुकून रे, मी वाचलंच चुकीचं, ते अक्षर असतं ना, त्याला दांडा नुसता एकीकडे—"

"वाचलं मी." मग तो गप्प झाला. ही गप्प जागा या वेळी ताईने ऐकली. ऐकली आणि मध्ये बोलली नाही. "ताई, तुझी चूक नाही झाली. फच आहे."

मशीनवरचा दिवा तसाच जळत होता. नवरा समोर उभा राहून ताईच्या तोंडाकडे बघत होता.

"पहिल्याच वर्षी," बारक्या म्हणाला. "दोन विषय राहिले. परत बसलो, परत राहिले. मग त्यांनी नाव काढून टाकलं. तुला काय सांगणार होतो? तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस, आणि मला कॉलेजने सोडलं, असं सांगू? म्हटलं एक वर्ष जाऊ दे, काहीतरी करीन, मग सांगीन. गोदामात असतो मी. खोकी भरतो, चिकटवतो, गाडीत चढवतो. अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षं. ताईला खूप काही म्हणायचं होतं. गाढवा म्हणायचं होतं, मेल्या म्हणायचं होतं, बारा वर्षांचं साठवलेलं सगळं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "जेवतोस का वेळेवर?"

तिकडून कसलासा आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा ते कळेना. "अकरा वर्षं खोटं बोललो, ताई, आणि तू हे विचारतेस?"

"मग काय विचारू? खोकी जड असतात?"

"असतात."

"पाठ दुखते?"

"दुखते गं."

"तेल लावतोस का?"

"कोण लावणार?"

 ताईने पदर तोंडाशी धरला. तिकडे तोही नाक ओढत होता. मग म्हणाला, "तू कॉलेजात जातेस हे खरं?"

"हो. निबंधात वीसपैकी सात मिळाले."

"माझ्यापेक्षा बरे आहेत," बारक्या म्हणाला, आणि दोघं हसली. अशी हसली की नवऱ्यालाही काही न कळता हसू आलं. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती आणि कुणीही 'ठेवतो' म्हणालं नव्हतं.

 मग चाळीस वर्षांचा तो पुरुष अगदी लहान पोराच्या आवाजात, दबकत, म्हणाला, "ताई... मग मी येऊ का?"

येऊ का! आपल्या घरी, आपल्या माणसांत यायला हा परवानगी मागत होता. बारा वर्षं तो कामासाठी थांबला नव्हता, तिकिटासाठी थांबला नव्हता. फेल झालेल्याने घरी यायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.  ताईने मान हलवली. जोरजोरात हलवली, पुन्हा पुन्हा हलवली, डोळ्यांतलं पाणी जाकिटावर पडलं तरी हलवतच राहिली.

"हॅलो? ताई?" पलीकडे त्याचा आवाज घाबरला. "आहेस ना? नको का येऊ?"

"अगं बोल ना!" नवरा ओरडला. "मान हलवलेली त्याला दिसत नाही!"

"ये," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. "ये."